पुढच्या चाकाचा पंचनामा

शनिवार, १४ जून

वनरक्षक म्हणून एकतीस वर्षं सरकारी दैनंदिनी लिहिली. 'पायी गस्त घातली, संशयास्पद काही आढळले नाही.' त्यातले निम्मे दिवस मी घरी झोपलेलो असायचो, आणि साहेब डोळे झाकून सही करायचे. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता खरं तेच लिहायचं. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो, पण लिहायचा हात मराठीवर बसलेला, म्हणून मराठीत.

आज डोकं तापलेलं आहे. मिनाच्या मोटरसायकलचा मागचा टायर पार घासला होता, तो बदलायला सेनगावला विश्वंभरच्या दुकानात गेलो. मिना म्हणजे माझी सून. मुलगा रामप्रसाद चाकणला कंपनीत असतो आणि ती इथं उपकेंद्रात कंत्राटी आरोग्यसेविका आहे. साखऱ्याच्या बाजूची पाच गावं आणि दोन तांडे, लसीचा डबा मागे बांधून एकटी फिरते. तर या विश्वंभरनं मला काय विचारावं? गाडी कोण चालवतं, त्यांचं वजन किती, सोबत ओझं काय, डांबरीवरून जाते का चिखलातून. मी म्हणालो, टायर द्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?

मग म्हणतो, दोन्ही बदला, आणि एकच घ्यायचा असेल तर पुढचा घ्या. आपल्याकडच्या उन्हात रबर भाजून लाकडासारखं होतं, म्हणे, आणि पावसात ते काळ्या मातीला धरत नाही. विकणाऱ्याला दोन काय, स्टेपनीसकट चार विकायचे असतात. पुढच्या चाकावर ओझं असतं तरी किती? ओझं मागं, मेहनत मागं. पुढचं चाक नुसती वाट दाखवतं.

आणि ओझ्याचं मला कोण शिकवणार? आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला. आमच्या घरात म्हणच आहे, म्हातारा बैल पुढं, तरणा मागं. म्हाताऱ्याला वाट ठाऊक असते, त्याच्या पाठीवर काही लादत नाहीत. तांड्यात सगळे टायरही असेच वापरतात. मी नवा टायर मागं टाकला आणि मागचा काढलेला पुढं टाकला. मधून गुळगुळीत झालाय, पण रबर दगडासारखं टणक आहे. पुढचा होता तो भेगाळलेला, तो गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवला.

मिना दारातून बघत होती. आमच्या रीतीप्रमाणे सून सासऱ्याशी समोर येऊन बोलत नाही, पदर ओढून सासूमार्फत बोलते. नोकरी लागली तरी तिनं ती रीत मोडली नाही याचा मला अभिमान आहे. तिनं शकुंतलाबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानात काही सांगितलं आणि शकुंतलाबाई मला म्हणाली, "ती म्हणून राहिली, पुढचाबी नवाच टाकला असता तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, तिला सांग, सुया टोचायचं काम तिचं, गाडीचं मी बघतो.

गुरुवार, ३ जुलै

मिना पडली.

साखऱ्याच्या अलीकडे ओढ्याजवळ वळण आहे, तिथं. डावं मनगट मोडलं, गालाला खरचटलं. हिंगोलीला नेऊन प्लास्टर केलं. लसीचा डबा मात्र शाबूत. पडताना उजवा हात मागं नेऊन तो धरला, सगळा भार डाव्यावर आला, म्हणून तर मनगट मोडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वी घातलेला कोरा टायर, आणि गाडी घसरते? विश्वंभरनं मला सडका माल दिला. एका बाईच्या जिवाशी खेळला. त्याला कोर्टात उभा केल्याशिवाय राहणार नाही.

शुक्रवार, ४ जुलै

सकाळीच मोक्यावर गेलो. एकतीस वर्षांत सागाच्या तोडीचे, शिकारीचे, वणव्याचे शेकड्यानं पंचनामे केले, घरचा आज पहिल्यांदा. पंच म्हणून ग्यानबाला उभा केला. त्याचं शेत वळणाला लागून आहे आणि काल मिनाला त्यानंच उचललं होतं. रात्री पाऊस नव्हता, त्यामुळे खुणा जशाच्या तशा. इथं उतरवून ठेवतो.

एक. ट्रॅक्टरनं शेतातली माती डांबरावर आणून टाकलेली आहे, बोटभर जाडीचा चिखल. दोन. मागच्या टायरची नक्षी चिखलात शेवटपर्यंत स्वच्छ उमटलेली आहे, रबराची एकेक गोटी मोजता येते. तीन. पुढच्या टायरच्या वाटेवर नक्षी दिसत नाही. सपाट पट्टा आहे, बोटानं शाई पुसावी तसा, आणि तो वळणाशी आडवा तीन हात सरकलेला आहे.

ग्यानबा म्हणाला, "बापू, पुढचंच चाक सरकलं वाटतं." मी त्याला सांगितलं, पंचानं सही करायची असते, मत द्यायचं नसतं.

निष्कर्ष: मागचा नवा टायर सदोष असल्याने त्याने पुढच्या चाकास ढकलले व वाहन घसरले. दोषी: विक्रेता.

रविवार, ६ जुलै

भीमसिंग नाईक घरी आले. आमच्या तांड्याचे प्रमुख, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. चहा घेतला, मिनाची विचारपूस केली आणि मग म्हणाले की बायांनी गाडी हाणणं बराबर न्हाई असं लोक बोलून राहिले. पुढच्या पंधरवड्यात सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर बसू, एकदाचं ठरवून टाकू. दुपारी रामप्रसादचाही फोन आला. गाडी विकून टाका म्हणाला.

शकुंतलाबाईनं मिनाकडून आणखी एक बातमी आणली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, एक ऑगस्टला फिरती सुरू झाली नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावतील. कंत्राटी जागा आहे, ती वाट बघत नाही. ही नोकरी मिळवायला मिनानं चार वर्षं काढली.

मी नाईकांना काय बोललो ते लिहितो, कारण इथं खरं लिहायचं ठरलंय. मी म्हणालो, सभेत माझाही हात वर असेल. पोरीचा जीव मोठा का नोकरी? विश्वंभरला मी सोडणार नाहीच, पण गाडी बंद म्हणजे बंद.

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. एका हातानं काम करायला जाते, ऐकत नाही.

मंगळवार, ८ जुलै

विश्वंभरच्या दुकानात गेलो, तक्रारीचा मसुदा चार पानी. त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं, शांतपणे सगळं वाचलं. मला त्याच्या शांतपणाचाच राग आला. चोरानं घाबरायला पाहिजे.

म्हणाला, टायरच्या बाजूला आकडे असतात ते बघितले का? नव्या टायरवर अठ्ठेचाळीस लिहिलंय, म्हणजे तो एकटा एकशे ऐंशी किलो पेलतो. मी तिथंच हिशेब मांडला. गाडी एकशे बारा, मिना चोपन्न, डबा बर्फासकट आठ, बाळांचा वजनकाटा तीन, रजिस्टरांची पिशवी पाच. एकूण एकशे ब्याऐंशी. दोन किलो जास्त! मी टेबलावर हात आपटला. सापडला चोर.

विश्वंभर हसला नाही, तेवढं बरं केलं. "बापू, गाडी दोन चाकांवर उभी असते. ओझं दोघांत वाटलं जातं. आन ब्रेक दाबला का सगळं वजन पुढं येतं. वळणावर गाडी पुढचंच चाक सांभाळतं. पुढचा टायर घेऊन या, मी बघतो."

मी तक्रार मागच्याची केली आहे, पुढच्याचा विषय काढून फाटे फोडू नकोस, असं सुनावून उठलो. जाता जाता त्यानं एक शिकवलंच. टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. रबराची जन्मतारीख.

शुक्रवार, ११ जुलै

तीन दिवस मागच्या टायरमागे लागलोय. जन्मतारीख याच वर्षीची, मार्च महिन्यातली. नक्षी पूर्ण. भेग नाही, फुगवटा नाही. हवासुद्धा बरोबर होती. ही हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची असते, हे गाडीच्या पुस्तकात सापडलं. तांड्यात सगळे दुपारी अंगठ्यानं दाबून बघतात, मीसुद्धा.

दोष सापडत नाही म्हणजे दोष लपवलेला आहे. जंगलात हेच शिकलो. ज्या गाडीत लाकूड दिसत नाही तीच नीट तपासायची.

सोमवार, १४ जुलै

आज भुरभुर होती. घटनेची पुनर्रचना करावी म्हणून गाडी घेऊन त्या वळणावर गेलो. वेग पंचवीस. वळणाशी ब्रेकला नुसता हात लावला, आणि पुढचं चाक माझ्या हाताखालून निघून गेलं. कळायच्या आत मी चिखलात बसलो होतो. गुडघा सोलला.

रस्ता फार खराब आहे. बांधकाम खात्याकडे तक्रार करावी लागेल.

बुधवार, १६ जुलै

परवाची नोंद अपुरी आहे. पडल्यावर गाडी उचलली नाही. तिथंच चिखलात बसून पुढच्या टायरचे आकडे पुसून वाचले. तेविसावा आठवडा, साल सोळा. नऊ उन्हाळे भाजलेलं रबर. नख दाबलं, रुतलं नाही. ज्याला मी टणक म्हणून शाबासकी दिली होती ते हेच.

ग्यानबानं बघितलं होतं. मी स्वतः लिहिलं होतं, 'सपाट पट्टा, आडवा सरकलेला.' आज ते पान पुन्हा वाचलं. इतका नीट पंचनामा आयुष्यात केला नव्हता, आणि निष्कर्षात आंधळ्यासारखा विश्वंभरचं नाव लिहून मोकळा झालो. एवढंच लिहायला मला दोन दिवस लागले. लाज वाटते आणि रागही येतो, आणि राग कुणावर काढायचा ते सुचत नाही.

गुरुवार, १७ जुलै

सकाळी शकुंतलाबाईला म्हणालो, मिनाला सांग, चूक टायरची होती आणि तो टायर मी घातला होता. शकुंतलाबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. "तिला म्हाईत हाय," म्हणाली.

माहीत आहे म्हणजे? कधीपासून? मी इतका मोठ्यानं बोललो की शेजारची सोजराबाई कुंपणापाशी आली. तेव्हा मिना स्वतः ओसरीवर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

म्हणाली, "जून महिन्यातच म्हाईत होतं, बापू. सेनगावला हवा भरायला गेले तवा विश्वंभरभाऊंनी सांगितलं, हा टायर काढून टाका म्हणून."

तेव्हापासून ती वीसच्या वर गाडी न्यायची नाही. त्या वळणावर तर उतरून गाडी हातानं ढकलत न्यायची. त्या दिवशी पलीकडच्या तांड्यावर सोळा लेकरं आणि त्यांच्या आया बसून होत्या, डब्यातला बर्फ विरघळत चालला होता, म्हणून उतरली नाही.

मी विचारलं, मग मला सांगितलं काहून न्हाई?

"सांगितलं असतं तर तुमी गाडीच बंद केली असती. टायर बदलता येतो, बापू. बंद केलेली गाडी परत सुरू होत न्हाई."

आणि आत निघून गेली.

दिवसभर आतून जळतोय. मी काय इतका हलका माणूस आहे? चूक दाखवली तर सुनेची गाडी काढून घेणारा? तिनं मला असं समजावंच कसं? दुपारी ही वही उघडली आणि मागची पानं चाळली. सहा जुलैला मीच लिहिलंय, सभेत माझाही हात वर असेल. तिनं मला चुकीचं ओळखलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, २० जुलै

सभा झाली. मंदिरासमोर पन्नासेक माणसं असतील, बाया मागे कट्ट्यापाशी. नाईकांनी विषय काढला, दोघं-तिघं बोलले, सगळ्यांचं एकच. जमाना खराब, रस्ते खराब, बायांचा हात कच्चा.

मी उभा राहिलो. पंचनामा वाचून दाखवला, तिन्ही मुद्दे. मग निष्कर्ष दुरुस्त करून वाचला. दोषी: बाबूसिंग आडे, निवृत्त वनरक्षक, वय बासष्ट. सुनेनं नवा टायर मागितला होता, मी नाही म्हणालो. नऊ वर्षांचा टायर पुढच्या चाकात माझ्या हातानं घातला. मिनाच्या जागी कुणीही असतं तरी पडलं असतं. मी पडलो.

मग नाईक उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबूसिंग, सुनेला वाचवायला तू सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिला. लई मोठं मन हाय तुझं." आणि लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, सासरा असावा तर असा.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. एकतीस वर्षं खोटं लिहिलं ते सरकारनं खरं मानलं, आणि आज भर सभेत खरं बोललो तर माझं मोठं मन! शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. नऊ वर्षांच्या टायरपेक्षा बाईचा कच्चा हात यांना जास्त पटतो.

मंदिराच्या भिंतीला गाड्या लावलेल्या होत्या. मी तसाच तिकडे गेलो आणि एकेका गाडीच्या पुढच्या चाकावर हात फिरवत निघालो. चौदा गाड्या. अकरांचा पुढचा टायर तळहातासारखा गुळगुळीत, मागचे बहुतेक नवे. मी नाईकांना हाक मारली, म्हणालो या, हात लावून बघा. ती त्यांच्याच पोराची गाडी होती. पोरगा रोज हिंगोलीला कामाला जातो, बायको-लेकराला घेऊनही जातो.

नाईकांनी हात लावला. मी विचारलं, मागचा कधी बदलला? दिवाळीत, म्हणाले. पुढं कोणता घातला? नाईकांनी पोराकडे बघितलं, पोरगं खाली बघत होतं. नाईकांचा हात बराच वेळ त्या टायरवर होता.

मग परत जागेवर येऊन ते म्हणाले, "मिनाच्या गाडीचं मिना बघंल. सभा झाली." लोक उठले आणि आपापल्या गाड्यांपाशी जाऊन वाकून बघायला लागले.

रविवार, २७ जुलै

विश्वंभरकडे गेलो. इतक्या लाजेनं मी कुठल्या दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. तक्रारीची चार पानं त्याच्यासमोर फाडली. त्यानं चहा सांगितला. दोन शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं. माणसानं इतकं चांगलं वागू नये.

त्यानं पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मी निमूटपणे सगळ्यांची उत्तरं दिली. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा काळ्या मातीचा. ऊन किती ते त्याला ठाऊकच. गाडी सध्या मी चालवणार, अठ्याहत्तर किलो, मागे मिना आणि डबा. त्यानं पुढच्यासाठी चिखलपाणी बाजूला फेकणाऱ्या खोल रेघांचा, पावसातही मऊ राहणाऱ्या रबराचा टायर काढला. जन्मतारीख मी आधी वाचली, मे महिन्यातला. हवा पुढे पंचवीस, मागे दोघं बसलो तर एकेचाळीस, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एकट्यानं चालवायची तेव्हा मागे अठ्ठावीसच.

मी चालवणार हे असं ठरलं. मिनाचं प्लास्टर एकतीसला निघेल, पण महिनाभर क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. फिरती एकला सुरू झाली पाहिजे. रामप्रसादला रजा नाही. शकुंतलाबाईनं हळूच विचारलं, सून सासऱ्याच्या मागं गाडीवर बसंल का? लोक काय म्हणतील? मी म्हणालो, लोकांना म्हणू दे, मला आता सवय झालीय.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सकाळी सातला निघालो. मिना मागं बसली. आमच्या दोघांच्या मधे लसीचा डबा, तिच्या खांद्याला पिशवी. तांडा ओलांडेपर्यंत सगळी दारं उघडी होती. सोजराबाई तर झाडू हातात घेऊन झाडता झाडता थांबली होती. बघा म्हणावं, पोटभर बघा.

गाडी सुंदर चालली. पुढचं चाक सांगेल तिथं जात होतं. मी पस्तीसवर आलो, मग चाळीसवर. साखऱ्याच्या अलीकडचा ओढा दिसायला लागला तसं मागून ऐकू आलं, "बापू, थांबा."

थांबलो. मिना डबा उचलून खाली उतरली आणि वळणाकडे चालायला लागली.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. आठवडाभर त्या टायरसाठी जीव काढला होता. मी मागून ओरडलो, कोरा टायर हाय, मेचा हाय, पावसाळ्याचा हाय, आता कशाची भीती?

तिनं वळून बघितलं. पदर वाऱ्यानं मागं गेला होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही. "टायरची भीती न्हाई, बापू," म्हणाली. "तुमची हाय."

मी गाडी बंद केली. चिखलात उतरलो आणि गाडी ढकलत तिच्या मागून चालत गेलो.